सरका पुढं

आमचे सर लातुरात कुणाच्याही लग्नात वाढायला जात. आमंत्रण लागत नसे. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत, एका आडतीच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. एका खोलीत आम्ही सॉफ्टवेअर लिहीत असू, दुसरीत सर मुलांची कॉम्प्युटरची शिकवणी घेत. लांबून बँड ऐकू आला की सरांची बोटं कीबोर्डवर थांबत. आवाज कुठून येतोय याचा ते अंदाज घेत, बाह्या दुमडत आणि उठत.

"कॉन्व्हेंट, तू बघ इथलं. मी एक पंगत उठवून येतो."

कॉन्व्हेंट म्हणजे मी. नांदेडला इंग्रजी शाळेत शिकले म्हणून पहिल्याच दिवशी हे नाव पडलं. वडिलांची बदली लातूरला झाली, मी कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि सरांकडे नोकरीला लागले. या कामात फारसं बोलावं लागणार नाही, असा माझा हिशोब होता.

सर उंच, काटकुळे आणि कायम घाईत. त्यांच्या नखांत हळद असायची, त्यामुळे आमच्या कीबोर्डवरची एंटरची कळ पिवळी पडली होती. लग्नसराईत त्यांना भेटायचं असेल तर ऑफिसात येण्यात अर्थ नसे. लोक सरळ मांडवात जात आणि सर हातात येसर आमटीची बादली घेऊन, चालता चालता त्यांच्याशी सॉफ्टवेअरचं बोलत. स्वतः ते सगळ्यात शेवटी जेवत. गिऱ्हाईक पारखायची त्यांची पद्धतही मांडवातलीच होती. एकदा चांगलं मोठं काम त्यांनी परत पाठवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तो माणूस पानात टाकून उठतो. कामबी अर्धंच सांगंल."

"मांडवात बादल्या उचलायलेत, अन् घरात एक वाटी इकडची तिकडं होत न्हाई," असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं म्हणणं होतं. ते खरं होतं. सरांनीही ते कधी नाकारलं नाही.

त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. धर्माबादपासून निलंग्यापर्यंतची मुलं ट्रंका घेऊन उतरत आणि खोल्या शोधत फिरत. क्लासवाल्यांना मुलांची नावं, हजेरी, मार्क हे सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. आमचं ऑफिस त्यावरच चालायचं.

मला मिळालेलं पहिलं काम मार्क भरायच्या स्क्रीनचं होतं. वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एक रिकामा चौकोन, ज्याला आम्ही टेक्स्ट बॉक्स म्हणतो. नवीन परीक्षेआधी सगळे बॉक्स पुसून कोरे करायचे होते. मी प्रत्येक बॉक्सला वेगळं नाव दिलं आणि प्रत्येकाला पुसायची वेगळी ओळ लिहीत बसले. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय करायलीस?"

"बॉक्स रिकामे करतेय, सर."

"एकेकाच्या घरी जाऊन 'जेवायला चला, जेवायला चला' म्हणायलीस. अगं, लोक मांडवात येऊन बसलेत की!"

मला काही कळलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली. "हे बघ. सगळ्या बॉक्सांना नाव एकच दे, फकस्त नंबर वेगवेगळा. झाली पंगत. आता बादली घे अन् पहिल्या नंबरापासनं शेवटच्यापर्यंत चालत जा. वाढपी कुणाला नाव इचारतो का? ओळ कुठं सुरू होती अन् कुठं संपती, एवढं ठावं असलं की बास."

माझं पानभर लिहिलेलं तीन ओळींत मावलं. लूप, म्हणजे एकच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या ओळी, मी कॉलेजात शिकले होते, पण तिथे तो आकड्यांच्या बेरजा करायचा. तो ओळीत बसलेल्यांसमोरून चालत जातो, हे मला सरांनी दाखवलं.

कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो आणि मुलांचे नंबर एकपासून सुरू होतात. त्यामुळे बाकीचे लोक सगळीकडे एक वजा करत बसतात आणि कुठेतरी चुकतात. सरांनी शून्य नंबरचा बॉक्स स्क्रीनवर लपवूनच टाकला होता. "पहिलं पान देवाचं. तिथं कुणी बसत नसतं." आमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असं एक देवाचं पान असे आणि आमचे नंबर कधी चुकत नसत.

पुढे मी शहाणपणा केला. पंगतीतल्यांपुरतं न थांबता स्क्रीनवर जे जे आहे त्या सगळ्यावरून लूप फिरवला. तो बॉक्स पुसत गेला आणि मधेच 'सेव्ह'चं बटण लागल्यावर प्रोग्राम बंद पडला. बटणात पुसण्यासारखं काही नसतंच. सर पोट धरून हसले.

"मांडवाच्या खांबाला भात वाढलास तू! वाढायच्या आधी बघावं, समोर माणूस हाय का खांब."

तेव्हापासून मी लूपमध्ये आधी ते तपासते. आजही तपासताना मनात तेच म्हणते.

सरांना एक गोष्ट मात्र अजिबात बघवत नसे. पंगतीत दोन माणसांच्या मधे रिकामी जागा. तशी दिसली की बादली खाली ठेवून ते म्हणत, "सरका, सरका पुढं." पंगतीतच असं नाही. ऑटोत, बँकेच्या रांगेत, आमच्या शिकवणीच्या खोलीतल्या बाकांवर, सगळीकडे. एखादी मुलगी मैत्रिणीसाठी जागा धरून बसली तरी तिला सरकावं लागे. मला तो खाक्या वाटायचा.

मग एकदा काकूंनी सांगितलं. भूकंपाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती.

"किल्लारीकडं जेवणाचा ट्रक निघाला तवा हे बी चढले. पत्र्याच्या शेडात पंगती बसायच्या. माणसं शेजारी जागा सोडून बसायची. सवयीनं. कुणी बायकूची, कुणी लेकराची. पहिल्या दिशी एका म्हाताऱ्यानं तसल्या जागंवर पत्रावळ मांडाय लावली. ह्यांनी वाढलं. पंगत उठली अन् ते पान तसंच ऱ्हायलं. दुसऱ्या दिवसापासनं हे वाढायच्या आधीच म्हणायला लागले, सरका, सरका पुढं."

काकू लसूण सोलत होत्या. त्यानंतर त्यांनी मला वांगी चिरायला दिली आणि आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या क्लासने आम्हाला काम दिलं. त्यांची सुरुवातीची चाचणी परीक्षा होती. वरच्या मुलांची पहिली बॅच निघणार आणि तिला क्लासचे संचालक स्वतः शिकवणार. हे काम नीट झालं तर क्लासचं सगळंच काम आमच्याकडे येणार होतं. म्हणून मार्क साठवायचा लूप सरांनी माझ्याकडे न देता स्वतः लिहिला.

त्याच परीक्षेला जयश्री बसली होती. ही धर्माबादची मुलगी आमच्या घरी वरच्या खोलीत राहायची. तिचे वडील आडतीवर मुनीम. त्यांनी तिला एवढंच सांगून ठेवलं होतं, की पहिल्या बॅचला लागलीस तर लातूर, नाहीतर धर्माबादला परत यायचं आणि सोयरीक बघायला सुरुवात करायची. जयश्रीनेही वाद घातला नव्हता. ती फक्त अभ्यास करत होती.

यादी लागली. जयश्रीचं नाव नव्हतं. वडील तिला न्यायला आले आणि नांदेडची तीनची गाडी ठरली. सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"ताई, मला एवढे कमी पडणारच न्हाईत. काय चुकलं तेबी मला पाठ हाय."

मी "हं" म्हटलं आणि ऑफिसला आले.

शाळेच्या हजेरीत माझं आडनाव कायम शेवटी यायचं. कधीकधी घंटा व्हायची आणि मी राहून जायचे. त्यामुळे कुठलीही यादी मी खालून बघते. जयश्रीच्या वर्गाचे मार्क उघडले तर शेवटचा मुलगा गैरहजर होता. असेल. दुसरा वर्ग उघडला, तिथेही शेवटचाच गैरहजर. तिसऱ्यातही तेच. वर्गावर्गातली शेवटचीच मुलं एकाच दिवशी आजारी पडत नाहीत.

मी कोरी स्क्रीन घेतली. मधला एक बॉक्स रिकामा सोडून बाकीच्यांत आकडे भरले, सेव्ह केलं आणि पुन्हा उघडलं. रिकामा बॉक्स भरलेला होता. त्याच्या पुढचे सगळे आकडे एकेक जागा अलीकडे आले होते आणि शेवटचा बॉक्स रिकामा पडला होता. सरांचा लूप रिकामी जागा दिसली की पुढच्यांना सरकवत होता. आम्ही तो तपासताना सगळे बॉक्स नेहमी भरलेले ठेवले होते. खऱ्या परीक्षेला मात्र मुलं गैरहजर राहतात. जयश्रीच्या आधीच्या नंबरची मुलगी आली नव्हती. तिला जयश्रीचे मार्क गेले होते आणि जयश्रीला तिच्या मागच्या मुलाचे.

सर ऑफिसात नव्हते. मार्केट यार्डाच्या बाजूला बँड वाजत होता.

बिनआमंत्रणाची मी त्याआधी कुठल्या लग्नात शिरले नव्हते. सर तिसऱ्या ओळीत आमटी वाढत होते.

"ये, ये. ए, हिला पत्रावळ मांडा रे."

"जेवायला नाही आले, सर. मधला मुलगा गैरहजर असला तर आपला लूप काय करतो?"

"काय करंल? पुढच्याला सरकवंल..." आणि ते थांबले. हातातला ओगराळा बादलीवर तसाच राहिला. "सगळ्यांना?"

"शेवटपर्यंत."

समोरच्या पानावरचे एक आजोबा म्हणाले, "ओ वाढपी, आमटी वाढता का फोटू काढू?"

सरांनी बादली माझ्या हातात दिली. "ही ओळ पुरी कर. अर्धी सोडायची न्हाई. मी क्लासवर चाललो."

"मी? सर, जयश्रीची तीनची गाडी आहे!"

"मग जल्दी वाढ."

ते गेलेसुद्धा. मी बादली घेऊन उभी. "आमटी," असं काहीतरी म्हणाले.

"पोरी, तोंडानं बोल," आजोबा म्हणाले. "आमटी हाय का औषध?"

"आमटी!" मी म्हणाले. पुढच्या बाई हसल्या आणि त्यांनी द्रोण पुढे केला. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत मी ओरडत होते. एकाने वर "भात आणा की मॅडम" म्हणून फर्मावलं, तेव्हा "तो दुसऱ्याकडे आहे" असं त्याला ठणकावून मी बादली ठेवली आणि ऑटो पकडला.

क्लासच्या ऑफिसात सर टेबलापुढे उभे होते. शर्टावर आमटीचे थेंब. संचालक खुर्चीत रेलून बसले होते. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"यादी लागली, सर. लोकांनी पेढे वाटले. आता त्या पोरांना काय सांगू, उठा म्हणून?"

"उठवू नका. पानावर बसलेल्याला उठवत नसतेत. जे ऱ्हायलेत त्यांना बसवा."

"कुठं? माझ्या डोक्यावर?"

"बाक मी आणतो. आमच्या शिकवणीचे हाईत."

संचालकांनी आवाज खाली आणला. "असं करा. ज्याचा बाप येऊन इचारील त्याचं गुपचूप बघू. बाकी राहू द्या."

"न्हाई. सगळ्यांचं. न्हाईतर मी यादीखाली उभा राहतो अन् येईल त्याला सांगतो."

"धमकी द्यायलात?"

"धमकी कशाची? मला वाढायची सवय हाय. ओळीनं सांगत जाईन."

संचालक माझ्याकडे बघायला लागले. आपल्याला कुणीतरी समंजस माणूस मिळेल अशी त्यांना आशा असावी. मी म्हणाले, "चुकलेली नावं मी आत्ता काढून देते. फक्त जयश्रीचं आधी करा, ती गाडीत बसलेली असेल."

"काढा," ते म्हणाले. "पण सर, पुढचं काम तुम्हाला न्हाई."

"नका देऊ," सर म्हणाले.

त्या कामाचं काय झालं ते आधी सांगून टाकते. ते पुण्याच्या एका कंपनीकडे गेलं. "जाऊ दे," सर म्हणाले, "ते लोक बुफे लावतेत." आमचे बाक हातगाड्यावरून क्लासवर गेले आणि आमच्या शिकवणीची मुलं बरेच दिवस सतरंजीवर बसून शिकली. राहिलेले सगळे पहिल्या बॅचला बसले, आधीच्या कुणाला उठावं लागलं नाही. लूपमधली चूक काढायला एक ओळ खोडणं पुरेसं होतं. ती ओळ खोडायला सरांना पूर्ण सकाळ लागली. मी शेजारच्या टेबलावर होते. ते मधेच उठून पाणी पीत, परत येऊन बसत. शेवटी स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "जो आला न्हाई त्याची जागा त्याच्याच नंबरावर राहू द्यायची. मोकळी." मांडवात मात्र ते सरकवतच राहिले. तिथे त्यांना कुणी काही म्हणायचं कारण नव्हतं.

तर त्या दुपारी आम्ही बसस्टँडवर पोचलो तेव्हा नांदेडची गाडी चालू करून ठेवलेली होती. जयश्रीचे वडील खिडकीत होते. पांढरी टोपी, मांडीवर डब्याची पिशवी. सर खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"तुमच्या पोरीचं नाव यादीत पाहिजे व्हतं. यादीच्या कॉम्प्युटरचं काम माझं. ते चुकलं. तिला उतरवा."

वडिलांनी शर्टावरचे डाग पाहिले. "तुम्ही आचारी का?"

"वाढपी. अन् सॉफ्टवेअरचंबी करतो."

"काल म्हणले बसत न्हाई. आज म्हणता बसती. उद्या तिसरा येऊन काय म्हणंल? पोरीला किती वेळा चढवू-उतरवू?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. कंडक्टर दाराकडे निघाला, तेव्हा मी त्याच्या आधी आत चढले. गाडी भरलेली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"काका," मी म्हणाले, मांडवातला आवाज अजून घशात होता, "जयश्रीच्या आधीच्या नंबरची मुलगी परीक्षेला आलीच नव्हती. आमच्या प्रोग्रामनं जयश्रीचे मार्क तिला दिले आणि जयश्रीला तिच्या मागच्या मुलाचे. खरे मार्क मी बघून आलेय. ती खूप वर आहे. क्लासनं जागा दिलीय. उद्या कुणी काही बदलणार नाही, कारण आता चूक कुठे होती ते आम्हाला माहीत आहे."

"जी आली न्हाई तिला मार्क?"

"हो."

"अन् माझी बसली तिला न्हाईत." त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. "हे असलं कुणी लिहिलं?"

"मी," सर खालून म्हणाले.

"जेवला व्हता का लिहिताना?"

"न्हाई. मी शेवटी जेवतो."

मागच्या सीटवरचं कुणीतरी हसलं. वडील हसले नाहीत. ते जयश्रीला काही विचारायला वळले, पण ती जागेवर नव्हती. गादीची वळकटी काखेत मारून ती दाराच्या पायरीवर उभी होती, माझ्या मागे, आणि कंडक्टरला दार लावता येत नव्हतं.

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. मग वाकून त्यांनी सीटखालची ट्रंक ओढली, तिरपी करून खिडकीतून बाहेर काढली आणि म्हणाले, "मास्तर, धरा. नीट धरा, पुस्तकं हाईत."

सरांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"ओ काका," कंडक्टर वैतागला, "किती तिकिटं फाडू?"

"नांदेड," वडील म्हणाले. "एक."